टाचेचं उत्तर

१

‘घर घासणे’ असं त्या गावात घराच्या बुडाबद्दल म्हणत. वरच्या फळ्या आत्या रोज घासायची, पण त्याला कुणी काम म्हणत नसे, आणि त्यावरून आत्याचं आणि जगाचं कायमचं वाकडं होतं. खरं काम खाली. सगळं गावच पाण्यावर तरंगत होतं, घराला घर दोरांनी बांधलेलं, मध्ये फळ्यांचे पूल. त्या पाण्याला तळ होता की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तळ शोधायला सोडलेले दोर संपले होते आणि नंतर शोधायची हौसही संपली होती. ‘पायाखालची जमीन सरकली’ असं लोक अजून म्हणत. जमीन कुणाच्या पणजोबांनीही पाहिलेली नव्हती, तरी म्हणत.

पाण्यातल्या घराला खालून शिंपले धरतात, शेवाळ धरतं, आणि घर जड होत जातं. जड घर स्वतः बुडायच्या आधी शेजारच्याला ओढतं. म्हणून प्रत्येक घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक पांढरा पट्टा रंगवलेला असे. पट्टा पाण्यावर दिसला तर घर ठीक. पट्टा पाण्याखाली गेला की दोरमुकादम येऊन सांगून जायचा, आणि पुढच्या फेरीलाही दिसला नाही तर घराचे दोर कापायचा. घरातली माणसं मग गावात वाटून टाकत.

भिंगरीच्या घराचा पट्टा पाण्याखाली गेला होता. दोरमुकादम सांगून गेला होता.

“वाटणी काय करणार आमची?” आत्या त्या दिवशी म्हणाली होती. “मी, माझा भाऊ आणि ही भिंगरी. तीनच तर माणसं.”

पण वाटणी आधीच ठरली होती. बाबांना आजाऱ्यांच्या ओसरीत, आत्याला शिडांच्या कारखान्यात, आणि भिंगरीला पाणबुड्या पोरींच्या खोलीत. बाबांनी उभी हयात गावातल्या घरांची बुडं घासली होती आणि त्यात छाती गमावली होती. आता जिना चढले तरी त्यांच्या आतून शिट्टी वाजायची. तेव्हा घासणार कोण? सोळा वर्षांची भिंगरी. एका जागी नुसती बसलेली दिसली तर लोक तब्येत विचारत, म्हणून भिंगरी.

बाबांचा पाणबुड्याचा पोशाख तिला दोन्हीकडून मोठा होता. तांब्याचा टोप, पुढे काच, मागे हवेची नळी. डावा हातमोजा अंगठ्याशी फाटला होता. आत्याने त्याला ठिगळ लावलं, वेडेवाकडे जाडजाड टाके घालून, आणि वर दम दिला, “हात खाली विसरून आलीस तरी चालेल, मोजा आण. पुन्हा शिवणार नाही.”

आत्या भाता मारून हवा सोडायची, बाबा दोर धरायचे. भिंगरी खाली घासायची. मध्येच ती घासायच्या पात्याच्या मुठीने बुडाला थाप मारायची आणि वरून बाबा टाच आपटायचे. याचा अर्थ, आहे मी, दोर माझ्या हातात आहे. थाप आली की उत्तर द्यायचंच. जेवत असा, भांडत असा, अंघोळ करत असा. त्या गावातली पोरं बोलायच्या आधी टाच आपटायला शिकत, कारण उत्तर न मिळालेला माणूस खाली घाबरतो, आणि घाबरलेला माणूस हवा जास्त खातो.

पहिले काही दिवस असे गेले. भिंगरी वर यायची, दात वाजवत कोरडी व्हायची आणि जेवणावर तुटून पडायची. त्या दुपारीही तिघं टेबलाशी बसली होती. बाबा तिच्या घासण्याची नक्कल करत होते, “असं काय गं, घराला गुदगुल्या केल्यासारखं,” आणि आत्या हसू दाबत होती.

खालून थाप आली.

तिघांनीही टाचा आपटल्या. बाबांनी तर घास तोंडात घालता घालताच आपटली. मग तिघांचे हात थांबले, आणि तिघांनी एकमेकांना पाहिलं. माणसं तीन होती आणि तिन्ही टेबलाशी होती.

“शेजारचं असेल कुणी,” आत्या म्हणाली. “चुकून आलं असेल आपल्या खाली.”

“असेल,” बाबा म्हणाले.

शेजारी जाळी विणणारं म्हातारं जोडपं राहायचं. दोघंही पाण्याला पाय लावायला घाबरत. हे तिघांनाही माहीत होतं, पण जेवण गरम होतं आणि मासळी बऱ्याच दिवसांनी चांगली मिळाली होती. विषय तिथेच राहिला.

२

बुडाखाली उजेड काठापाशीच असतो. आत गेलं की वरून लोंबणारं शेवाळ, पडद्यामागे पडदा, आणि हाताच्या अंतरापलीकडे काही दिसत नाही. भिंगरी काठाकडून आत घासत चालली होती. दुसऱ्या दिवशी तिने एक पडदा बाजूला सारला आणि पातं लाकडावर टेकवलं, तर ते सरकन् निसटलं. लाकूड गुळगुळीत होतं.

हात फिरवून पाहिलं. चांगला पाटाएवढा तुकडा. एक शिंपला नाही, शेवाळाचा एक धागा नाही.

तिने थाप मारली. बाबांची टाच मागे, काठाकडे वाजली, आणि तिथून तिने अंतराचा अंदाज बांधला. म्हणजे ती बरोबर टेबलाखाली होती. जिथे तिघं बसायची तिथे.

घासणाऱ्याचा हात लाकडावर उमटतो. बाबांच्या पात्याच्या रेघा उजवीकडे कलत. सगळ्या गावाच्याच कलत. भिंगरी डावखुरी. तिच्या रेघा उलट्या. काच लाकडाला टेकवून तिने पाहिलं. रेघा उलट्या होत्या.

‘मग मीच घासलं असणार,’ तिने स्वतःला सांगितलं. दुसरं काय सांगणार? पण ती इथवर अजून आलीच नव्हती, याचं काय करायचं ते सुचेना.

वर आल्यावर तिने बाबांना विचारलं. “खाली असं विसरायला होतं का हो?”

“होतं तर. मी एकदा अख्खं घर घासून वर आलो आणि पाहतो तर घर दुसऱ्याचंच. ते आजही मला वाकून नमस्कार करतात.”

“खरं सांगा.”

“खरंच. आपलं घर तसंच राहिलं, तुझी आत्या महिनाभर बोलली नाही. ते दिवस फार सुखाचे गेले.”

आत्याने फडका फेकून मारला. भिंगरीही हसली आणि तिला बरं वाटलं. बाबांना तसंच होत असेल तर आपण कोण लागून गेलो?

पण पुढच्या दिवशी असे आणखी तुकडे सापडले. एक बाबांच्या खाटेखाली, एक आत्याच्या. एक तिच्या स्वतःच्या खाटेखाली, आणि तो तर इतक्या जपून घासलेला की फळीवरचा जुना रंगसुद्धा खरवडला नव्हता. तिथे तरंगताना तिला भीती वाटली नाही, आणि हे तिचं तिलाच नवल वाटलं. सकाळी जाग यावी आणि आपल्या अंगावर कुणीतरी पांघरूण घालून गेलंय हे कळावं, तसं काहीसं वाटलं. भीती वाटली ती वर आल्यावर, पोशाख उतरवताना, की आपल्याला भीती का वाटली नाही.

३

पट्टा दिसला.

आधी पाण्याच्या हिंदकळ्यात एक पांढरी कड, आणि दोन दिवसांत अख्खा पट्टा. बाबा पुलावर उभे राहून त्याच्याकडे पाहत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. “पोरीनं घर राखलं,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, कुणी विचारलं नाही तरी सांगत होते. आत्याचा जीव भांड्यात पडला. शिडांच्या कारखान्याला तिने मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि गाठोडं सोडून कपडे परत फळीवर ठेवले.

मग पट्ट्याखालचा काळा रंग दिसू लागला. तो पाण्यावर कधीच यायचा नसतो.

“आंधळा मागतो एक डोळा,” आत्या खूश होऊन म्हणाली.

आणि घर हलायचं थांबलं. त्या गावात सगळं हलतं. ताटं हलतात, दिवे हलतात, झोपेतही माणूस खाटेची कड धरून असतो. आता आत्याने पेला काठोकाठ भरून टेबलावर ठेवला तरी थेंब सांडत नव्हता. छतावरचा दिवा सरळ खाली लोंबायचा, भिंतीत खिळा ठोकावा तसा. शेजारचं घर खिडकीतून वरखाली होताना दिसे आणि यांचं नाही. आत्याला जन्मभर घर लागायचं, ती मळमळ गेली. बाबा रात्रभर न खोकता झोपू लागले.

भिंगरीने एकदा काठावर पालथं पडून खाली पाहिलं. काळ्या रंगाच्याही खाली उघडं लाकूड आलं होतं, सुताराच्या वाकसाचे घाव असलेलं. ते त्या सुतारानंतर कुणी पाहिलेलं नसणार.

“बाबा, घासून घर हलकं होतं. पण नवं होतं तेव्हापेक्षा हलकं कसं होईल?”

बाबांनी वाकून काठाच्या फळीवरून बोट फिरवलं. “लाकूड वाळलं असेल,” म्हणाले.

“पाण्यात?”

“तुला बापाची सगळी बोलणी तपासायची सवय लागलीये,” बाबा म्हणाले. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

थापा आता रोज येत. जेवताना यायच्याच. तिघं हसली की यायची, हसणं पुरतं संपायच्या आत. बाबांना ठसका लागला तर थाप त्यांच्याच खुर्चीखाली यायची, हलकी, विचारल्यासारखी. आत्या भात्यापाशी एकटी गुणगुणत बसली असली तर तिच्या पायाखाली.

“आपण उत्तर नको द्यायला,” भिंगरी एकदा म्हणाली.

“कोण आहे ते मागाहून बघू,” बाबा म्हणाले. “थाप आली ना? उत्तर द्यायचं. खालच्याला टांगून ठेवायचं नाही. माझ्या बापानं मला एवढं एकच शिकवलं.”

आत्याचं तर निराळंच. ती आता टाच आपटून वर बोलायचीही. “हो रे बाबा, आहोत. जेवतोय. तू जेवलास का?” भिंगरीने डोळे वटारले की म्हणायची, “अगं, विचारायला काय जातंय? चांगलं वळण आहे त्याला. तुझ्यापेक्षा बरं.”

ती जेवणं सुखाची होती. पुढे भिंगरीला सगळ्यात जास्त तीच आठवत राहिली.

४

दोरमुकादम भर दुपारी आला. माणूस वाईट नव्हता. कुणी तसं तोंडावर म्हटलं तर ओशाळायचा. पुलावर उभा राहून त्याने घराकडे पाहिलं आणि टोपी काढली.

“हे काय करून ठेवलंय?”

“पट्टा हवा होता ना तुम्हाला? घ्या पट्टा,” आत्या म्हणाली.

“पट्टा मागितला होता. छप्पर शेजाऱ्याच्या छपरावर न्या असं नव्हतं सांगितलं.” त्याने दोरांकडे बोट केलं. जे दोर आडवे असायचे ते तिरपे वर चढले होते आणि ताठ झाले होते. जाळीवाल्या म्हाताऱ्यांचं घर एका बाजूने उचललं गेलं होतं. दारात म्हातारी चौकट धरून उभी होती. “अति तिथे माती म्हणतात ती अशी. खाली काहीतरी आहे. फुगलंय, वाढलंय, देव जाणे काय. चुन्याची पोती सोडायला सांगतो. जे असेल ते जळून गळून पडेल.”

चुना म्हटल्यावर भिंगरी पुढे आली. तिने पाण्यात चुना सोडलेला पाहिला होता. दोन दिवस पांढरे मेलेले मासे वर येत होते.

“आधी मी बघून येते,” ती म्हणाली.

“नको,” बाबा म्हणाले.

“बाबा, माझंच घासलेलं आहे ते. मीच बघणार.”

दोरमुकादमाने थोडा विचार केला. “जा. तोवर मी दोर सैल करतो, म्हातारीचं घर तरी सरळ होऊ दे. पण वर येऊन जे असेल ते सांगायचं. लपवाछपवी नाही.”

बाबांनी तिच्या कमरेला दोर बांधला. एरवी ते गाठ मारताना काहीतरी थट्टा करायचे. आज गाठ मारून झाल्यावर त्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि मग टोप चढवला.

५

खाली शेवाळ नव्हतं.

एकही पडदा नाही. काठापासून आतपर्यंत लाकूड स्वच्छ, उलट्या रेघांचं. उजेड जिथवर पोहोचत होता तिथवर पाणी मोकळं, आणि त्यापुढे काळोख. भिंगरी बुडाला हात लावत लावत आत सरकली. टेबलाखाली आली तेव्हा थाप मारली. वरून टाच आली. ओळखीची, बाबांची. तिला धीर आला.

मग मोठा खडखडाट झाला. दोर सैल झाल्याबरोबर शेजारचं घर घसरत आलं होतं, आणि यांचं घर उंच असल्यामुळे ते कडेला न आपटता खालीच शिरलं. तिची नळी आणि तिचा दोर, दोन्ही दोन घरांच्या मध्ये सापडले. हवा एकदम थांबली. हातातलं पातं सुटलं आणि खाली गेलं, जिथे कुणाचा दोर पुरला नव्हता तिथे.

वर टाच वाजली.

तिला थाप मारायची होती. रिकाम्या मोज्याने लाकडावर मारून पाहिलं. आवाजच झाला नाही.

वर पुन्हा टाच वाजली. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा, जोरात. तीनदा उत्तर आलं नाही की वरच्याने विचार करत बसायचं नसतं, ओढायचं असतं. बाबांनी ओढलं. दोर दोन घरांच्या मध्येच ताणला गेला आणि ती जागची हलली नाही. टोपाच्या काचेवर तिच्याच श्वासाची वाफ धरली. बाबा छाती फुटेस्तोवर ओढत असतील, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

कुणीतरी तिचा हात धरला.

धरला तो हळूच, गर्दीत मोठं माणूस पोराचा हात धरतं तसा. वाफेतून तिला एक हातमोजा दिसला. डावा, तिच्यासारखाच, अंगठ्याशी ठिगळ आणि ठिगळाला वेडेवाकडे जाडजाड टाके. आधी वाटलं, आपलाच दुसरा हात. मग ते टाके धडधडताना दिसले. तो दोरा नव्हता. नस होती.

मोजा नव्हताच तो. हात होता. मोज्याच्या आत हात असतो हे त्या हाताला माहीतच नव्हतं.

तिची मान आपोआप वळली. त्या हाताच्या मागे अंधारात एक तांबूस गोल होता, टोपाएवढा, आणि त्याला पुढे काच असावी तसं काहीतरी. काचेमागे काही नव्हतं. आणि त्याच्या पलीकडे, जिथवर तिला दिसलं तिथवर, घराच्या बुडाला टेकलेले तसेच तळवे, ओळीमागे ओळ, प्रत्येकाला अंगठ्याशी ठिगळ. सगळे वर उचललेले.

त्यातले काही तळवे सुटले आणि शेजारच्या घराच्या काठाखाली गेले. दोन घरांच्या मध्ये उजेडाची फट पडली. नळीतून हवा फसकन् आत आली, दोर सुटला. तिच्या दोन्ही टाचांखाली कुणीतरी हात दिले आणि तिला वर ढकललं, बाबा लहानपणी खांद्यावर चढवताना द्यायचे तसे.

६

बाबांनी तिला फळ्यांवर ओढून घेतलं आणि टोप काढायच्या आधीच मिठी मारली. तांब्याचा टोप त्यांच्या हनुवटीला लागला, रक्त आलं, त्यांना कळलंही नाही. आत्या एका हाताने भाता मारतच होती, आता गरज नव्हती तरी.

दोरमुकादम पुलावर बसकण मारून होता. जाळीवाल्यांचं घर, त्यातल्या म्हातारा-म्हातारीसकट, त्याच्या डोळ्यांदेखत उचललं जाऊन अलगद बाजूला ठेवलं गेलं होतं.

“काय आहे खाली?” त्याने विचारलं.

भिंगरीने बाबांकडे पाहिलं, मग आत्याकडे. खोटं बोलायचं असंच ठरवून ती वर आली होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. “चुना टाकू नका. त्याला दुखेल.”

यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नाही. दोरमुकादम उठला आणि कुऱ्हाड घेऊन आला. पण कापायच्या आधी हात पुढे करून म्हणाला, “तुम्ही तिघं इकडे या. घर जाऊ दे. माणसं राहिली म्हणजे झालं.”

“आणि मग? मी शिडांच्या कारखान्यात?” आत्या म्हणाली.

“सध्या तर कुणाला एका खोलीत ठेवता येणार नाही. ही त्याच्याजवळ जाऊन आलीय. वेगवेगळं ठेवून बघावं लागेल, काही दिवस. जास्तही.”

आत्या भात्यावरून उठली, आत गेली आणि टेबलाशी आपल्या जागेवर जाऊन बसली. “मी कुठे जात नाही,” तिने आतूनच सांगितलं. “इतके दिवस कुणी विचारपूस केली या घराची? त्यानं केली.”

“बाबा, तुम्ही सांगा,” भिंगरी म्हणाली.

बाबा पुलाकडे बघत होते. पलीकडे आजाऱ्यांची ओसरी दिसत होती, लागून लागून खाटा लावलेली. त्यांनी भिंगरीच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. “तिथं मी आठ दिवस काढणार नाही गं,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही नसलात तर कशाला काढू?” आणि तेही आत गेले.

भिंगरी मागोमाग गेली. दोर कापले जात असल्याचे आवाज एकामागून एक आले. दोरमुकादम रडत होता असं आत्या नंतर म्हणाली.

७

सुटलेलं घर प्रवाहाबरोबर वाहत जातं. हे घर वाहिलं नाही. फेसाचे पुंजके एका दिशेने चालले होते आणि घर त्यांच्या उलट, माणसाच्या चालीने. छतावरचा दिवा सरळ लोंबत होता. खिडकीतलं गाव आधी घराएवढं झालं, मग ताटाएवढं.

“डोक्यावर घेऊन चाललंय कुणीतरी,” आत्या म्हणाली. “माझं तर लग्नसुद्धा कुणी एवढ्या थाटात केलं नसतं.”

तिने शिजवायला घेतलं. तिघं टेबलाशी बसली, आपापल्या जागी. ऊन तिरपं होऊन टेबलावर आलं होतं. बाबांनी हनुवटीला फडकं बांधलं होतं आणि घास घेताना ते वरखाली व्हायचं. भिंगरीला हसू आलं. वेगळं व्हायचं टळलं होतं, यापुढे कुणी वेगळं करणारही नव्हतं.

खालून थाप आली.

बाबांची टाच उचललीही होती. भिंगरीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “थांबा. आज नको. उत्तर नाही दिलं तर काय होतं ते एकदा बघू.”

“अगं—” आत्या म्हणाली.

“एकदाच. आपल्याला माहीत असायला हवं.”

घर थांबलं. फेसाचे पुंजके आता खिडकीवरून हळूहळू मागे जाऊ लागले.

दुसरी थाप आली. टेबलाखाली, मग लगेच बाबांच्या खाटेखाली, मग तिच्या, मग आत्याच्या. शोधल्यासारखी. कुणीही हललं नाही. दिव्याकडे पाहत भिंगरी मनात म्हणत होती की लाटांचा आवाज आहे, लाकूड तापलं की वाजतं, माणसाला सवय लागते आणि मग काहीही ऐकू येतं. तिसरी थाप आली ती इतकी घाईची की ताटं वाजली.

बाबांचा चेहरा उतरला. त्या दोराच्या दोन्ही टोकांना त्यांनी आयुष्य काढलं होतं.

“भिंगरी,” ते म्हणाले, “तिसऱ्यांदाही उत्तर नाही आलं, तर दोर धरणारा काय करतो?”

“ओढतो.”

“का?”

“समोरचा अडचणीत असेल म्हणून.” बोलता बोलताच तिला कळलं. आपण वर आहोत असं आपणच धरून चाललो होतो.

घर खाली जाऊ लागलं. कलंडलं नाही, हेलकावलं नाही. दोन्ही हातांनी धरून काहीतरी अलगद उतरवून घ्यावं तसं जाऊ लागलं. खिडकीतलं पाणी वर चढलं. उंबऱ्यावरून पहिली पातळ लाट आत आली आणि टेबलाच्या पायापर्यंत पसरली. टेबलावरच्या भरल्या पेल्यातून थेंब सांडला नाही.

ते रागावलेलं नव्हतं. रागावलं असतं तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं.

तिघांनी एकदम टाचा आपटल्या. पुन्हा आपटल्या. आत्या तर दोन्ही पायांनी आपटत होती आणि ओरडत होती, “आहोत रे, आहोत! इथेच आहोत!”

घर थांबलं. उंबऱ्यावरचं पाणी थोडा वेळ तसंच थरथरत राहिलं, मग मागे फिरलं. घर वर आलं, होतं त्याहून जरा जास्तच वर. खालून एक थाप आली, अगदी हलकी, आणि बाबांनी तिला उत्तर दिलं. मग घर पुन्हा चालू लागलं.

आत्याने फळ्या पुसल्या. खिडकीत गाव दिसेनासं झालं होतं आणि ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं होतं. भिंगरीने तिन्ही खाटा ओढून एकमेकींना चिकटवल्या, तिला सांगावं लागलं नाही.

“झोपल्यावर काय?” बाबांनी शेवटी विचारलं. “झोपेत कोण उत्तर देणार?”

“पाळ्या लावू,” भिंगरी म्हणाली. “पहिली माझी. मग आत्या. तुम्ही पहाटे.”

“रोज?”

“रोज.”

बाबांनी मान हलवली. त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं, वाकून तिचे पाण्याने मऊ पडलेले बूट काढले आणि बाजूला ठेवले, टाच नीट वाजावी म्हणून. आत्या पांघरूण ओढून आडवी झाली.

“हे बघ,” ती म्हणाली, “तुझा डोळा लागला, तर लगेच मला उठव.”

“डोळा लागल्यावर तुला उठवू कशी?”

आत्याने विचार केला. “तेही खरंच,” ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आवरेना, बाबाही हसायला लागले, आणि भिंगरीही.

हसणं संपायच्या आत खालून थाप आली.